तिन्हीसांजेचे रडणे : तान्ह्या बाळाचा पोटशूळ आणि दुधाची गुळणी

घरात पाच आठवड्यांचे बाळ आहे. दिवसभर ते पिते, झोपते, मधूनच जागे होऊन फिरत्या पंख्याकडे टक लावून पाहते. दिवेलागणीची वेळ झाली की मात्र घड्याळ लावल्याप्रमाणे रडू लागते. चेहरा लालबुंद होतो, मुठी आवळल्या जातात, पाय पोटाशी ओढले जातात, पोट हाताला टणक लागते. अंगावर पाजायला घेतले तर दोन घोट पिऊन तोंड फिरवते. खांद्यावर घेतले तर क्षणभर थांबते आणि पुन्हा सूर धरते. मध्येच थोडे दूध तोंडावाटे ओघळते. आजी म्हणते, ‘पोटात दुखतंय गं, बेंबीभोवती हिंग लाव.’ शेजारच्या काकू म्हणतात, ‘दृष्ट लागलीय, मीठमोहऱ्या ओवाळून टाका.’ बदलीच्या गावी असलेला बाप फोनवरून सांगतो, ‘ॲसिडिटी असेल, औषधाच्या दुकानातून थेंब आणा.’ बाळंतीण काहीच बोलत नाही. आपले दूधच पुरत नसावे, असे तिच्या मनाने घेतलेले असते. रात्री दहाच्या सुमारास बाळ थकून झोपते आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो.

ही चारही निदाने मायेपोटी केलेली असतात आणि चारही बहुधा चुकीची असतात. मात्र त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम सारखा नसतो. मीठमोहऱ्यांनी बाळाचे काही बिघडत नाही. परंतु ‘दूध पुरत नाही’ या समजुतीने वरचे दूध सुरू होते, ‘ॲसिडिटी’च्या समजुतीने नको ती औषधे पोटात जातात, आणि क्वचित प्रसंगी ‘नेहमीचेच रडणे आहे’ या समजुतीने खरे दुखणे अंगावर काढले जाते. आपल्या बँकपरिवारातील अनेक कुटुंबे बदलीच्या निमित्ताने आप्तेष्टांपासून दूर, इंदूर, हैदराबाद, गुवाहाटी अशा ठिकाणी राहतात. तेथे सल्ला देणारे पुष्कळ असले, तरी बाळ हाती घेऊन दोन तास फिरवणारे कोणी नसते. अशा आईवडिलांना या दोन अवस्थांची नीट ओळख असणे अगत्याचे आहे. यांपैकी एक म्हणजे कोलिक, अर्थात तान्ह्या बाळाचा पोटशूळ; आणि दुसरी म्हणजे रिफ्लक्स, अर्थात जठरातील दूध व आम्ल उलट वर येणे.

रडण्याचा आलेख

‘कोलिक’ हा शब्द मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आला. म्हणजे नाव ठेवतानाच दुखणे पोटात आहे, असे गृहीत धरले गेले. आपल्याकडेही तेच झाले. काश्यपसंहिता हा कौमारभृत्याचा, म्हणजे बालरोगांचा, प्राचीन ग्रंथ. बोलू न शकणाऱ्या मुलाची वेदना कशी ओळखावी, यासाठी त्यात वेदनाध्याय नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. पोटशूळ झालेले मूल स्तन सोडून देते, रडते, त्याचे पोट ताठ होते, चेहऱ्यावर घाम येतो, अशी लक्षणे तेथे नोंदवली आहेत. निरीक्षण इतके अचूक आहे की, आजच्या कोणत्याही मातेला त्यात आपलेच बाळ दिसावे. प्रश्न आहे तो लक्षणांच्या अर्थाचा.

अमेरिकेतील न्यू हेवन येथील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी १९५४ साली एक साधा नियम सुचवला. एरवी निरोगी, चांगले पिणारे बाळ दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर त्यास कोलिक म्हणावे. हा तीन-तीनचा नियम पुढे जगभर रूढ झाला. २०१६ साली तज्ज्ञांनी व्याख्या बदलली आणि तासांचा हिशेब व्यवहारात मागे पडला. पाच महिन्यांखालील बाळ वारंवार, दीर्घकाळ, उघड कारणाशिवाय रडते. कोणत्याही उपायाने ते सहजी थांबत नाही. आणि त्याला ताप, आजार वा वाढ खुंटण्याचे लक्षण नाही, एवढे आता पुरेसे मानले जाते. व्याख्येतील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. कोलिक हे निदान रडण्यावरून होत नाही. बाळाचे बाकी सर्व ठीक आहे, याची खात्री पटल्यावरच होते.

बेरी ब्रॅझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ऐंशी निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या मातांनी रोजच्या रोज भरून ठेवल्या होत्या. त्यांतून दिसले ते असे की, दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते कळसाला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते. या कळसाच्या दिवसांत सर्वसाधारण बाळही दिवसाला सरासरी पावणेतीन तास रडत होते आणि त्याचा भर सायंकाळी होता. म्हणजे कोलिकचे बाळ हे काही वेगळ्याच जातीचे बाळ नव्हे. सर्व बाळे ज्या चढणीवरून जातात, तिच्या वरच्या टोकाला ते असते, इतकेच.

ही चढण केवळ पाश्चात्त्य घरांतील असेल, अशी शंका कोणी घेईल. कलहारी वाळवंटातील कुंग सान लोकांच्या माता बाळाला दिवसभर अंगाशी बांधून वावरतात आणि तासातून तीन-चार वेळा पाजतात. त्यांच्या बाळांच्या रडण्याचा अभ्यास रोनाल्ड बार व सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. त्या बाळांचे प्रत्येक रडणे पुष्कळ आखूड होते. पण रडण्याच्या वेळा तितक्याच होत्या आणि पहिल्या तीन महिन्यांतील चढउतारही तसाच होता. वेळेआधी जन्मलेल्या बाळांतही हा कळस जन्मतारखेपासून मोजून नव्हे, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजून सहा आठवड्यांनी येतो. जे बाळ दोन महिने आधी जन्मले आणि दोन महिने अधिक दूध प्याले, त्याचे रडणे आधी वाढत नाही. यावरून हा दोष दुधाचा नसून, मुख्यतः वाढत्या मज्जासंस्थेचा हा एक टप्पा असावा, असे मानण्यास बळकटी येते. नेमके कारण आजही हाती लागलेले नाही. आतड्यातील जिवाणूंची घडण अद्याप व्हायची असते, काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिने सोसत नाहीत, असे काही धागे सापडले आहेत. पण सगळ्या बाळांना लागू पडेल असे उत्तर त्यांत नाही.

मग पोटातील वायूचे काय? बाळ जोराने रडते तेव्हा हवा गिळते, ती पोटात साठते आणि नंतर सुटते. पाय पोटाशी घेणे, पोट टणक होणे ही तर कोणत्याही कारणाने जोरात रडणाऱ्या बाळाची ठेवण आहे; लस टोचल्यावरही ते असेच रडते. बऱ्याच वेळा वायू हे रडण्याचे कारण नसून परिणाम असतो. बाळाची नेमकी तिन्हीसांजेलाच तक्रार का, याला जुन्या पिढीने दृष्टीचे उत्तर दिले. दिवसभराचा उजेड, आवाज, पाहुणे आणि हाताळणी यांनी थकलेली ती लहानशी मज्जासंस्था स्वतःला आवरू शकत नाही, असे आजचे उत्तर आहे. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे, हे कबूल करायला हवे: फार लोकांच्या नजरेपासून बाळाला थोडे दूर ठेवावे.

दूध वर का येते?

अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली उतरताना ते उघडते आणि पुन्हा आवळले जाते. मोठ्या माणसांतही ते दिवसातून अनेकदा क्षणभर सैल पडते, पण आपण बसलेले किंवा उभे असतो, अन्न घट्ट असते आणि अन्ननलिका लांब असते. बाळाचे सगळेच उलट. त्याचा सारा आहार पातळ. वजनाच्या मानाने तो विलक्षण अधिक. अन्ननलिका वीतभरसुद्धा नाही. आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवे. अशा स्थितीत ते कडे सैल पडले की दूध वर येणारच. कधी ते पांढरे, कधी दह्यासारखे फुटलेले असते. जठरातील आम्लाने दूध विरजते, म्हणून ते तसे दिसते. ‘दूध नासले’ असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

शिकागो परिसरातील पालकांची एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी सुमारे निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध बाहेर टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेले आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ते अवघे ५ टक्के उरले. चौथ्या महिन्यात तीनपैकी दोन बाळे जे करतात, त्याला आजार म्हणणे कठीण आहे. बाळ बसू लागले, घट्ट आहार घेऊ लागले की ही गुळणी आपोआप थांबते. दूध टाकूनही हसतखेळत असणाऱ्या, बाळसे धरणाऱ्या अशा बाळांना काही डॉक्टर गमतीने ‘सुखी ओकणारी बाळे’ म्हणतात. त्यांचा त्रास असतो तो धुणे धुणाऱ्याला.

‘सगळेच दूध काढून टाकले’ असे आई सांगते तेव्हा एक साधा प्रयोग करून पाहावा. एक चमचाभर दूध कोरड्या दुपट्यावर ओतावे आणि किती पसरते ते पाहावे. पाच मिलिलिटर दुधाचा डाग तळहाताएवढा सहज होतो. बहुतेक वेळा बाळाने टाकलेले दूध त्याहून फार अधिक नसते.

येथे एक गैरसमज विशेष रूढ आहे. बाळ रडते आणि दूधही टाकते. म्हणून आम्लाने छातीत जळजळ होऊन ते रडत असणार, असा तर्क केला जातो. मोठ्या माणसाच्या ॲसिडिटीचा अनुभव आपण बाळावर लादतो. वास्तविक दर दोन-तीन तासांनी पिणाऱ्या बाळाच्या जठरात दूध असते आणि ते आम्लाला बरेचसे सौम्य करते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रिफ्लक्सची लक्षणे असलेल्या १६२ बाळांपैकी निम्म्यांना आम्ल कमी करणारे लॅन्सोप्रॅझोल आणि निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध चार आठवड्यांपर्यंत दिले. दोन्ही गटांत सुधारलेल्या बाळांचे प्रमाण एकच होते, ५४ टक्के. फरक दिसला तो अन्यत्र: खरे औषध घेणाऱ्या बाळांना छातीचा जंतुसंसर्ग अधिक झाला. जठरातील आम्ल हे जंतूंविरुद्धचे पहारेकरी आहे. त्याला रजेवर पाठवले की काय होते, ते या आकड्यांत दिसते. ज्या बाळाला अन्ननलिकेचा दाह झाल्याचे डॉक्टरांनी निश्चित केले आहे, त्याला ही औषधे द्यावीच लागतात. केवळ रडते म्हणून ती देऊ नयेत.

साधी गुळणी आणि रिफ्लक्सचा आजार यांतील सीमारेषा कोणती? बाळाचे वजन वाढत नाही. ते पिण्यास नकार देते, पिताना कमानीसारखे मागे वाकते आणि किंचाळते. दुधात रक्ताच्या रेघा दिसतात. वारंवार खोकला, घरघर किंवा न्यूमोनिया होतो. अशा वेळी ती रेषा ओलांडली गेली, असे समजावे. विष्ठेत रक्त वा शेंबूड आणि अंगावर इसबासारखे चट्टे असतील, तर गाईच्या दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीचा विचार डॉक्टर करतात. अशा वेळी दोन ते चार आठवडे आईच्या आहारातून दूध व दुधाचे पदार्थ काढून पाहिले जातात आणि नंतर ते पुन्हा सुरू करून खातरजमा केली जाते. हे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच व्हावे. आपल्याकडे बाळंतिणीवर पथ्याचा आधीच इतका मारा असतो, की बाळ रडले म्हणून तिच्या ताटातून आणखी चार पदार्थ उचलणे हा तिच्यावर अन्याय आहे.

वजनाचा तक्ता हा या सर्व प्रश्नांत सर्वांत विश्वासू साक्षीदार होय. बँकेच्या वाचकांना सांगायचे तर ते बाळाचे पासबुक आहे. रोज थोडी रक्कम बाहेर जाताना दिसत असेल. पण शिल्लक वाढत असेल तर खाते सुस्थितीत आहे. जन्मानंतर थोडे घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यावे आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅमची भर पडावी. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार भारतात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे निव्वळ अंगावरच्या दुधावर होती. उरलेल्यांत सायंकाळच्या या रडण्याने घाबरून वरचे दूध दिले गेलेली बाळे किती असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही; पण अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वरच्या दुधाने रडणे थांबत नाही, कारण ते दुधाअभावी मुळी सुरूच झालेले नसते. आणि बाटली आली की अंगावरचे दूध खरोखरच आटू लागते.

थांबू नये अशा वेळा

काही चिन्हे दिसल्यास हा सारा विवेक बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. उलटीचा रंग हिरवा असणे हे त्यांत सर्वांत वरचे. हिरवी उलटी म्हणजे पित्त. आतड्याला पीळ पडल्याचे ते लक्षण असू शकते आणि तेथे तासांचा प्रश्न असतो. सकाळपर्यंत वाट पाहू नये. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची प्रत्येक पाजणीनंतरची उलटी पिचकारीसारखी दूर उडत असेल आणि उलटी होताच ते पुन्हा भुकेने चोखू लागत असेल, तर जठराचा खालचा दरवाजा जाड होऊन अडलेला असण्याची शक्यता असते. हा विकार मुलग्यांत अधिक आढळतो आणि एका शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होतो. तीन महिन्यांखालील बाळाला १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप दिसू लागला की सावध व्हावे, १००.४ अंशांचा ताप म्हणजे ताबडतोब डॉक्टर. टाळू फुगलेली वाटणे, बाळ मलूल पडणे, पिणे सोडणे, पोट फुगून तसेच राहणे, सहा-आठ तास लघवी न होणे, शी रक्तमिश्रित होणे, जांघेत न दबणारी गाठ येणे, यांपैकी काहीही कोलिकमध्ये बसत नाही. सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झालेल्या उलट्याही बसत नाहीत.

एरवी शांत असणारे बाळ एखाद्या दिवशी अचानक, अवेळी, वेगळ्याच सुरात रडू लागले, तर त्याचे सर्व कपडे काढून त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहावे. आईचा गळलेला केस पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोट सुजल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत आहेत. मनगटाचा किंवा कमरेचा काळा दोरा बाळ वाढते तसा आवळत जातो, याचीही आठवण ठेवावी.

थेंब, घुटी आणि अफू

रडणारे बाळ गप्प करण्याच्या उपायांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ साली ग्राइप वॉटर तयार केले. दलदलीच्या प्रदेशातील मुलांच्या हिवतापावर दिल्या जाणाऱ्या मिश्रणावरून त्यांनी ते बेतले होते. त्यात शेपूचे तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि ३.६ टक्के अल्कोहोल होते. त्याच्या गुणाचे श्रेय शेपूला मिळाले. गोड चव आणि मद्य यांचा वाटा कोणी विचारात घेतला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस अल्कोहोल काढले गेले. उरलेल्या मिश्रणाने पोटशूळ बरा होतो, याला आधार नाही. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज पाणीदेखील देऊ नये हा नियम त्यालाही लागू होतो.

याहून गंभीर प्रकार आपल्याच मुंबईतला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गिरणीत कामाला जाणाऱ्या स्त्रिया बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देऊन जात, म्हणजे ते दिवसभर निजून राही. त्या मातांना दोष देणे सोपे आहे. पाळणाघर नव्हते आणि पगारी रजाही नव्हती. पण बाळ गप्प झाले म्हणजे बरे झाले असे नव्हे, हे त्या गोळीइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही. तीच गोष्ट डायसायक्लोमिनची. पोटाची कळ थांबवणारे हे औषध तान्ह्या बाळांत श्वास मंदावण्याच्या घटनांनंतर सहा महिन्यांखाली निषिद्ध ठरले. तरीही चिठ्ठीशिवाय ‘पोटदुखीचे थेंब’ मागणाऱ्याच्या हाती काय पडते, ते बाटलीवरचे नाव वाचल्याखेरीज कळत नाही. सिमेथिकोनचे थेंब निरुपद्रवी आहेत, पण चाचण्यांत ते निष्क्रिय औषधाहून सरस ठरले नाहीत. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या उपयुक्त जिवाणूच्या थेंबांनी अंगावर पिणाऱ्या बाळांचे रडणे काहीसे कमी होते. वरचे दूध पिणाऱ्यांत तसा लाभ सिद्ध झालेला नाही.

आणि बाळघुटी? मुरुडशेंगेचा पीळ आतड्यासारखा दिसतो, म्हणून ती मुरड्यावर चालते, ही कल्पना सुंदर आहे. सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ यांचे नेमके किती वेढे द्यायचे, हे आजीला ठाऊक होते. आज तयार पूड चमच्याने दिली जाते आणि ते प्रमाण हरवले आहे. वेखंडाच्या तेलातील एका घटकाच्या विषारीपणामुळे अमेरिकेने १९६८ सालीच ते खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. सहाण, पाणी आणि बोट यांची स्वच्छता हा आणखी वेगळा प्रश्न. मधाचे बोट तर वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये; त्यातील बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा लकव्यासारखा विकार होऊ शकतो. हिंगाचा लेप बाहेरूनच असतो, कोमट हाताने पोट चोळले जाते आणि तेवढा वेळ कोणीतरी बाळाजवळ बसते. तो लावण्यास हरकत नाही.

मग करावे काय?

बाळाला उचलावे. ‘हाताची सवय लागेल’ हा धाक पहिल्या तीन महिन्यांत निरर्थक आहे. माँट्रियल येथे १९८६ साली झालेल्या अभ्यासात ज्या मातांनी रडण्याची वाट न पाहता रोज काही तास अधिक काळ बाळाला अंगावर घेतले, त्यांची बाळे सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे की, ज्यांना कोलिक आधीच सुरू झाला होता त्या बाळांत नंतरच्या अभ्यासात असा लाभ दिसला नाही. सायंकाळी पाहुणे, दूरदर्शनसंच आणि झगझगीत दिवे आवरावेत. झोळीचा हेलकावा, पंख्याची एकसुरी घरघर, कोमट पाण्याने अंग पुसणे, जे लागू पडेल ते करावे. काल लागू पडलेले आज लागू पडेलच असे नाही.

दूध टाकणाऱ्या बाळाला थोडे थोडे आणि अधिक वेळा पाजावे, मध्ये ढेकर काढावी आणि पाजल्यावर वीस-तीस मिनिटे खांद्याशी उभे धरावे. दुपटी गुंडाळून बसवू नये. पोट दुमडले की दूध अधिक वर येते. झोपवताना मात्र पाठीवरच, सपाट व टणक गादीवर, उशीविना झोपवावे. ‘उताणे झोपले आणि उलटी घशात गेली तर?’ ही भीती स्वाभाविक आहे. परंतु उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस असते. वर आलेले दूध पुन्हा खालीच उतरते. पालथे झोपवल्यास हीच रचना उलटी होते, शिवाय झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो.

आईकडे पाहणे हे या साऱ्यात शेवटी उरते, आणि ते सर्वांत आधी व्हायला हवे. सलग दोन तासांचे रडणे कोणाचाही तोल घालवू शकते. संतापाच्या भरात बाळाला गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊन मूल जन्माचे अधू होते किंवा दगावते. असह्य झाले तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवावे, दार लोटावे आणि पाच-दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत बसावे. तेवढ्या रडण्याने बाळाला इजा होत नाही. कामावरून आलेल्या बापाने चहाआधी बाळ हाती घ्यावे, हा सल्ला कोणत्याही थेंबांपेक्षा गुणकारी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. रडण्याचा कळस त्या रजेतच येऊन जातो, पण तो काळ बाळंतीण एकटीने काढते. ती सतत उदास असेल, बाळ झोपले तरी तिला झोप येत नसेल, आपण आई म्हणून नालायक आहोत असे ती म्हणू लागली असेल, तर तिलाही उपचाराची गरज आहे. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि ती मराठीतही बोलते.

डॉक्टरांकडे जाताना चार दिवसांची नोंद करून न्यावी: बाळ केव्हा प्याले, केव्हा रडायला लागले, केव्हा थांबले, किती वेळा लघवी झाली. रडणे दवाखान्यात हमखास थांबते, म्हणून मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रण करून ठेवावे. वजनाचा तक्ता आणि घरी दिलेल्या प्रत्येक औषधाची, घुटीचीसुद्धा, बाटली वा पुडी बरोबर असावी. आणि दुपट्यावर हिरवा किंवा लाल डाग पडला असेल, तर ते दुपटे धुवायला न टाकता सोबत न्यावे.